लंबगोल चाक आणि वच्छलाचा गुडघा

सडक अर्जुनी,
३ ऑगस्ट २०२५

चि. टीनास, मामाचे अ. उ. आ.

पुण्यातला पाऊस आणि तू, दोघेही ठीक असाल असे धरून चालतो. फोन करणार होतो, पण माझ्याकडे फोन नाही; तुझी आई तिचा स्पीकरवर ठेवून बोलते, आणि मग आपले बोलणे शेजारच्या गोठ्यापर्यंत जाते.

तुझे पार्सल मिळाले. उघडले आणि हबकलो. सायकलचे चेनव्हील, म्हणजे पायडलपाशी साखळी फिरवणारे दातेरी चाक, गोल असते, एवढे ज्ञान तरी संस्कृत शिकवता शिकवता माझ्यापाशी उरले होते. हे तर अंड्यासारखे. तुझी चिठ्ठी वाचून थोडा सावरलो. पायडल आडवे असते तेव्हा पायात जोर असतो, म्हणून तिथे चाक मोठे. पाय अगदी वर किंवा अगदी खाली असतो तेव्हा जोर नसतो, म्हणून तिथे लहान. युक्तिवाद निर्दोष आहे. निर्दोष युक्तिवादांनी आमच्या शास्त्रांत पुष्कळ काही सिद्ध होऊन गेले आहे, म्हणून मी जरा बेताने मान हलवतो.

तुझी आई वच्छला मात्र खूश आहे. गोंदियाच्या डॉक्टरांनी गुडघा पाहून सायकल बंद सांगितली, आणि दिवाळीपर्यंत सुधारणा नाही तर आशाताईचे काम सोडून पुण्याला यायचे, असे फर्मान तू काढलेस. तेव्हापासून ती कुणाशी धड बोलत नव्हती. मला विचारते, पुण्याले मी कायले जाऊ, बालकनीत बसून कबुतरं हाकलाले? अन् टोल्यावरच्या वस्तीतल्या बाळंतिणींकडे कोण जाईल, तुम्ही जाता का? बाळंतिणींना माझ्या सुभाषितांचा उपयोग नाही, हे मी मान्य केले.

काल तुझे चाक बसवायला तिची सायकल कोहमाऱ्याला सेवकरामच्या सायकल दुकानात टाकली आणि संध्याकाळी स्वतः चालवत तिच्या गावी पोचती केली. चेनकव्हरमुळे आतले चाक दिसत नाही, हे बरे. माझ्या उंचीचा गुरुजी लेडीज सायकलवर बसलेला हायवेवरच्या सगळ्या ट्रकवाल्यांना मात्र दिसला.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते गुडघ्याचा निकाल पाहून ठरव.

तुझा
योगराजमामा

पुणे,
७ सप्टेंबर २०२५

ती. मामांस, टीनाचा सा. न. वि. वि.

मामा, माझा अजून विश्वास बसत नाहीये. आई टोल्याकडचा चढ सायकलवरून न उतरता चढली म्हणे. मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाली, दुखत नाही तर का खोटं दुखवून घेऊ? व्हिडिओवर गुडघा दाखवायला लावला. सूज खरंच उतरलीय.

तुम्हाला म्हणून सांगते, मी फार आशा धरून चाक पाठवलं नव्हतं. लंबगोल चाकांवरच्या अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत. काहींना फरक दिसला, पुष्कळांना काहीच नाही. दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून पेशंटना असल्या वस्तूंपासून लांबच ठेवते. पण माझ्या ओळखीच्या एका सायकलपटूने साध्या सायकलला बसेल असं चाक करून दिलं, आणि आईसाठी म्हणून पाठवलं. आता तोंडात बोट घालून बसलेय. पुढच्या महिन्यात आमची सभा आहे, तिथे आईचं उदाहरण सांगणार आहे.

दिवाळीचं फर्मान मागे घ्यावं लागणार असं दिसतंय. आईला इतक्यात बोलू नका, डोक्यावर बसेल.

मामीला नमस्कार. माया असू द्या, उपदेश थोडा कमी चालेल.

तुमची
टीना

सडक अर्जुनी,
खंडेनवमी, १ ऑक्टोबर २०२५

चि. टीनास, अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच. मला ते उभ्याने पाहावे लागले.

आज कोहमाऱ्याला बससाठी थांबलो होतो. सेवकरामने दुकान धुऊन हत्यारांची पूजा मांडली होती. पाने, हातोडी, हवेचा पंप, सगळ्यांना हळदकुंकू. मधोमध झेंडूचा हार घातलेले काहीतरी लंबगोल. मी हात जोडून नमस्कार केला आणि मग ओळखले. ते तुझे चाक होते.

विचारले तर तो शांतपणे म्हणाला की गुरुजी, तुमचा माल पार्सलात दबून चपटा झाला होता. लावून पाहला, तर कव्हरले घासून राहिला. ठोकून गोल करतो म्हटलं, पण मोठा कडक निघाला. म्हणून जुनंच धुऊन, तेल देऊन लावून देलं. मला काऊन नाही सांगितलंस म्हटले, तर म्हणाला, तुम्ही विचारलं कुठं?

खरे आहे. मी विचारले नाही. कव्हर बंद होते, मी सायकल घेतली आणि निघालो.

म्हणजे पोरी, तुझी आई दोन महिने जुन्याच गोल चाकावर तो चढ चढते आहे. सभेत तोंड उघडू नकोस. तिला मी अजून सांगितलेले नाही. सांगितले आणि उद्या गुडघा पुन्हा दुखू लागला, तर पुण्याचे तिकीट माझ्यामुळे निघेल. काय करू ते कळव. लोभ आज मीच मागतो आहे.

योगराजमामा

पुणे,
६ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस, सा. न.

तुमचं पत्र वाचून मी दवाखान्यात पेशंटच्याच स्टुलावर बसले. पेशंटच मला पाणी देत होता.

पण मामा, सूज मनाने उतरत नाही. म्हणून काल आईला म्हटलं, सायकलवर बस आणि बाजूने व्हिडिओ दाखव. पाहिलं तर सीट चांगली वीतभर वर. मी विचारलं, ही कुणी केली? ती म्हणते, तूच तर केली, तुह्या चाकासंगं आली. पहिले दिवस पाय टेकत नोते, भेव लागे, पण पोरीनं डॉक्टरी शिकून पाठवलं म्हणून हात नाही लावला.

मी चिठ्ठीत सीटचा शब्दही लिहिला नव्हता.

सीट फार खाली असली की गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि दुखतो. हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगते. आणि आईला त्या खालच्या सीटवर मी समजायला लागल्यापासून पाहत आलेय. माझ्या डोळ्यांना ती सायकल दिसायची, सीट कधी दिसलीच नाही.

आईला सगळं खरं सांगा. आणि सीट तशीच ठेवून लंबगोल चाकही एकदा लावून बघा. मला कळू दे.

टीना

सडक अर्जुनी,
१९ ऑक्टोबर २०२५

चि. टीनास, अ. उ. आ.

सीट मी वर केली. कोहमाऱ्याहून येताना माझे गुडघे हनुवटीला लागत होते; वर ओढली आणि पोचल्यावर खाली करायची विसरलो. इतकी वर्षे जे शिकवले त्याचा कुणाला उपयोग झाला की नाही, ठाऊक नाही. विसरल्याचा मात्र झाला.

पुढचे वच्छला स्वतः लिहिते आहे. मी शुद्धलेखनाला हात लावलेला नाही, तिने पेन उगारला आहे.

योगराजमामा

टीना,

आशीर्वाद. तुहं वाकडं चाक कव्हर काढून लावलं. आठवडाभर चालवलं. चढावर जराक हलकं वाटलं, पण ते चाकानं का मनानं, सांगता येत नाही. लुगडं मात्र चेनमंधी गेलं. मंग गोल लावलं, गुडघा तसाच बरा हाये.

मले धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसला. लग्न होऊन आली तवा सासऱ्यानं माह्या सायकलची सीट दाबून खाली केली होती. बाईमाणसाचे पाय जमिनीले टेकले पायजे म्हणे. मी कधी विचारलं नाही काऊन. गुडघे फुटेपर्यंत तसीच चालवत राहिली.

परवा आशांची मिटिंग होती. बाहेर सगळ्यायच्या सायकली पाहल्या. एकीचीही सीट वर नोती. मी पाना मागवला. मॅडम आतून हाका मारून राहिल्या, अन् आमी अंगणात सीटा वर करून राहिलो. दोघी पडल्या. उठून परत बसल्या.

तुहा मामा म्हणते, शेवटी लोभ असावा असं लिहावं लागते. आहेच, तं कायले लिहू.

भाऊबीज झाली का पुण्याले येतो. चार दिवस राहीन. वापस जायाचं तिकीट आधी काढ, येयाचं मंग.

तुही आई