विठ्ठल पेंटरांचं नाव

३ जाने., मेहकर
पुण्याच्या पेपरात मुलाखत आली. फोटोत मागे माझी सहा फुटी नायिका, जुन्या बॅनरवर असायची तशी, गालावर निळी सावली. 'हे कुठे शिकलात?' माझं उत्तर छापलंय: 'कुणाकडे नाही. पिक्चर पाहून पाहून आलं.'
कान तापले. सहा वर्षं डोणगावच्या विठ्ठल पेंटरांच्या हाताखाली टॉकीजचे बॅनर रंगवले. निळी सावली त्यांचीच. पण पुण्यात मुलाखत झाली त्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये जो तो आपापल्या आर्ट कॉलेजचं नाव सांगत होता, आणि मी...

६ जाने.
पेंटरकाकांचा फोन. "पेपरात आला म्हणे बे तू. घरी ये." आवाजात राग नाही. असता तर बरं झालं असतं.

८ जाने.
दुपारी डोणगावला गेलो. माफी मागायचं ठरवून.
काकांची नजर पार गेलीय. मी दारात उभा, तर विचारलं, कोण आहे. कात्रण पोथीसारखं फडक्यात बांधून ठेवलेलं. काकूंनीच त्यांना वाचून दाखवलं होतं. चहाच्या निमित्ताने मला चुलीजवळ बोलावलं. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "म्या त्यायचं नाव घालून वाचलं. तू आता काही सांगू नको त्यायले."
बाहेर आलो तर काकांनी कात्रण पुढे केलं. "तू वाच. तुह्या तोंडून आयकतो."
वाचलं. 'विठ्ठल पेंटरांकडे शिकलो' असं, न छापलेलं. एकदाही अडखळलो नाही, याचीच जास्त लाज वाटतेय.
काका म्हणाले, "अजून एक डाव."
पुन्हा वाचलं. काकू पाठमोऱ्या बसून होत्या.

११ जाने.
बुलढाण्याला माझं प्रदर्शन आहे, त्याला काका येणार. नर्सिंग शिकणारी त्यांची नात सोबत. चित्रं दिसणार नाहीत, पण भिंतीवर काय लिहिलंय ते ती वाचून दाखवेल, असं काकांनी फोनवर सांगितलं. मी हो हो म्हणत राहिलो.

१२ जाने.
संयोजकांनी प्रदर्शनाच्या भिंतीवर लावायचा माझा परिचय तपासायला पाठवला. दुसरीच ओळ: 'स्वयंशिक्षित चित्रकार.' उद्या सकाळी छपाईला जाणार.
शब्द खोडून काकांचं नाव टाकलं. मग वाटलं, पुण्याचे लोक विचारतील, तिकडे खोटं का बोललात? काय सांगू? लाजलो म्हणून? पुसलं. परत टाकलं. अजून पाठवलं नाही.
आत्ता काकूंचा फोन येऊन गेला. काकांनी नवा सदरा शिवायला टाकलाय.