सासऱ्यांच्या नावातला शब्द

अरालकाठ, नऊ सप्टेंबर, सकाळ

लाडक्या जावयास, एल्झास बाळास, सासूचे पोटभर आशीर्वाद.

इकडे दोन्ही उंटिणी आणि म्हातारं कुत्रं धरून सगळे जीव सुखरूप. तुझी लेक तर विचारूच नकोस! काल जांभई दिली तर गालाला खळी पडली, अगदी माझीच. अक्मारल म्हणते, "आई, ती दूध ओकायची तयारी होती." असू दे, मला खळीच दिसली. पाळण्याच्या समारंभाचे बाउर्साक तळायला घेतलेत, आणि आनंदात पिठात मीठ दोनदा पडलं.

मोठा मासा मिळाला का? नसेल तर राहू दे. मिळाला असला तरी राहू दे. नाव तिथेच मासेमारीच्या तळावर ठेव आणि हे पत्र आणणाऱ्या मासळीच्या ट्रकमधून घरी ये. ट्रकवाला सागिन्दिक विसरभोळा, म्हणून पत्र त्याच्या टोपीत खोचणार आहे. तिकडे फोन लागत असता तर माझ्यासारखी जेमतेम शाळा पाहिलेली बाई कशाला अक्षरं कोरत बसली असती?

का ये, ते सांगते. थांब, चहा ओतून घेते.

तर नावेची मोटर. लाट आली की ती किंचाळायची आणि नाव जागची हलायची नाही. तू पंखा बदललास, त्यात अडकलेलं शेवाळ काढलंस, तरी तेच. गावातले मेले हसले, "घरजावयाचं मोटरसुद्धा ऐकत नाही!" म्हणून मी शहरातल्या माझ्या भावाला, ओरिनबासारला, फोन केला. त्याचा जन्म मोटरी दुरुस्त करण्यात गेला. तो म्हणाला, "ताई, मोटर फार उंच टांगलीय. पंखा वरचा वारा पितोय. वारा धरून नाव पुढं कशी जाईल? मोटरीच्या बुडाची फळी काढा. पंख्याच्या वरची आडवी पत्री नावेच्या तळाच्या रेषेत यायला हवी."

ती फळी तुझ्या सासऱ्यांनी ठोकलेली. तेव्हा समुद्र पळून गेला होता, पंखा वाळूला घासायचा. मग बांध झाला, पाणी परत आलं. ते स्वतः गेले. फळी राहिली.

तू किनाऱ्यावरून ओरडलास, "अपा, मोटर कुठं घेऊ?" आता मी काय बोलणार! माझ्या सासऱ्यांच्या नावातच तो शब्द आहे, 'वर'च्या उलटा. सून म्हणून या घरात आले तेव्हापासून तो माझ्या तोंडून निघालेला नाही. मुलांना सवय होती. "आईचं कुत्रं खाटेच्या आजोबांकडे झोपतं," म्हणून खिदळायची. म्हणून मी ओरडले, "आमच्या सासऱ्यांच्या नावासारखी घे!"

वाऱ्यात तुला अर्धंच ऐकू आलं. सासऱ्यांसारखी. आणि तू तर दूर स्टेपीच्या माळावरचा पोरगा, माझ्या सासऱ्यांना फक्त फोटोत पाहिलेलं, दाराच्या चौकटीपेक्षा उंच. सगळा गाव त्यांना लंबू आजोबाच म्हणायचा, नाव तुला कोण सांगणार? तू हसून म्हणालास, "समजलं, अपा!" हातोडीचा आवाज आला आणि मी मूर्ख, खूश होऊन पाळण्याकडे वळले.

आज सकाळी भावाचा फोन.

"ताई, फळी निघाली का?"

"निघाली कसली? त्यानं वर आणखी एक ठोकली. झकास बसली म्हणत होता."

भाऊ म्हणाला, "किनाऱ्याजवळच आहे ना तो?"

"पलीकडच्या तळावर गेलाय. उद्या परत येणार."

"अगं ताई! जाताना समुद्र झोपला होता म्हणून पोचला. येताना वारा पाठीवर. लाटेनं मागची बाजू उचलली की पंखा हवेत. मोटर नुसती बोंबलत राहील, नाव लाटेला आडवी होईल, आणि मग..."

पुढचं मी ऐकलं नाही. कढईतले बाउर्साक करपले.

अक्मारलला काही सांगितलेलं नाही. ती लेकीला म्हणतेय, बाबा मासा घेऊन येतील, मग तुझं नाव ठेवू. बाहेर चुलीचा धूर आडवा पळतोय, एल्झास. ट्रकनं ये रे बाळा. लोक हसतील, नाव सोडून पळाला म्हणतील. हसू देत. तू हट्टी आहेस, मी ओळखते तुला. नाव सोडणारच नसशील तर वारा पडेपर्यंत किनारा सोडू नकोस, दोन्ही फळ्या काढ, पत्री तळाच्या रेषेत आण.

या वेळी मी आडून बोलणार नाही. सासरेबुवा, तुमच्यापुढे वाकून मान झुकवली होती, आजही झुकवते, पण मला माफ करा.

मोटर तोमेन घे. खाली, बाळा. तोमेन, तोमेन, तोमेन.

सागिन्दिक हॉर्न वाजवतोय. लेकीच्या कानात नाव सांगायला बाप लागतो. ती जागी आहे, दाराकडे बघतेय.

तोमेनबायची सून,
उलमेकेन