झाकणावरच्या चिठ्ठ्या

४ ऑगस्ट, सोमवार
टिशूची मशीन आजही बंद. दुरुस्तीवाला पंधरा दिवसांपासून येऊनच राह्यला. मंग काय, बरण्याच. दिवसभर तपासणीचे तुकडे हातानं एका बरणीतून दुसरीत, आधी स्पिरिट, मंग झायलीन, मंग मेण. नऊ केसेस. आठ मोठ्या, गर्भाशय, पित्ताशय वगैरे. नववी मेडशीच्या मंगलाबाईची, गालातली जखम. तुकडा मसुरीच्या डाळीएवढा. सगळाच टाकला, मागं ठेवाले काई उरलंच नाई. बाई विचारत होती रिपोर्ट कधी. म्हतलं गुरुवारी.
झायलीन जरा दुधाळ दिसलं. पावसाळी हवा म्हणून सोडून देल्लं.

५ ऑगस्ट, मंगळवार
सत्यानाश.
मेणात बसवलेले तुकडे, म्हंजे ब्लॉक, कापाले घेतले तं मेणाची पट्टी निघते न मधात भोक. तुकडा आतून पिचपिचा. पाण्यावर सोडला की फाटते. गर्भाशयाच्या दोन स्लाईड कशाबशा रंगवल्या, निळा रंग धरतच नाई, सगळं गुलाबी धुरकट. मंगलाबाईचा ब्लॉक हातात घेतला न तसाच ठेवून देल्ला. कापाची हिंमतच नाई झाली.
सलीमभाई आमचे जुने अटेंडंट. त्याईनं स्पिरिटच्या शेवटच्या बरणीचा वास घेतला. म्हणे हे तं पाणचट हाये.
शनिवारी बरण्या मीच धुतल्या होत्या. नंबरच्या चिठ्ठ्या आमच्याकडे झाकणावर, बरणीवर नाई. झाकणं सगळी एका टोपल्यात वाळत घातली न बरण्या भरून लावताना पयलीचं शेवटचीले बसवलं. म्हंजे शुद्ध स्पिरिट आधी, पाणी मिसळलेलं शेवटी, पाह्यजे त्याच्या बरोबर उलट. तुकड्यातलं पाणी निघालंच नाई तं मेण आत जाईन कसं? बारा वर्षं हेच काम करून राह्यली मी. लाज वाटते.
सलीमभाई हळूच म्हणे, "लाईट गेलती, मेण थंडं पडलं, असं लिवून टाका ताई. कोण पाह्यते?"
खोटं कायले बोलू, पाच मिनिटं मीही तेच मनात लिवत होती.

६ ऑगस्ट, बुधवार
आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम गावाहून आल्या. रिपोर्ट त्याच लिवतात. दार लावून सगळं सांगतलं. ओरडल्या असत्या तं बरं झालं असतं. नुसतं विचारलं, "मंगलाबाईंचा कापला का?"
नाई म्हतलं.
"तेवढं तरी बरं केलंस."
आठ मोठ्याइचे तुकडे उरलेल्या अवयवाच्या डब्यातून नवे घेतले. मंगलाबाईचा तेवढाच. त्याचं मेण वितळवलं, उलटा झायलीनमधी, मंग ताज्या शुद्ध स्पिरिटमधी, न पुन्हा पुढं. फिल्टरच्या कागदात गुंडाळून. इतका लहान, की चिमटीत धरताना श्वास रोखते मी. सलीमभाईनं बरण्याइवरच नंबर लिवले, मोठे मोठे. जेवली नाई आज.

७ ऑगस्ट, गुरुवार
मंगलाबाई आली. उशीर होईन म्हतलं.
"वाईट निंगालं म्हणून लपवून राह्यले का?"
तसं नाई, मशीन बंद हाये म्हतलं. मशीन बंद हाये हे खरं. बाकी...
एसटीनं वापस गेली बिचारी. भित्री कुठली मी.

८ ऑगस्ट, शुक्रवार
कापला. ठिसूळ झाला होता. चार काप धड निघाले, बाकी चुरा. रंग बसला, निळा स्वच्छ. वाटलं सुटलो.
मॅडमनं मायक्रोस्कोपमधी लय वेळ पाह्यलं. वरच्या थरात खराब पेशी हायेत, पण खालचा भाग मोडलेला. "आत किती गेलंय हे यावरून मी लिहू शकत नाही." न नागपूरले ऑपरेशनमधी गाल किती कापाचा हे त्याच्यावरच ठरणार. दुसरा तुकडा घ्या लागन.
मॅडम म्हणे मी फोन करते. म्हतलं नाई, मीच सांगीन.

११ ऑगस्ट, सोमवार
मंगलाबाईले बोलावलं न बाहेरच्या बाकावर बसून सांगतलं. झाकणं बदलली ते, मशीनची थाप मारली ते, न दुसरा तुकडा द्या लागन तेही. तिचा काईच दोष नाई, सगळा माया. सलीमभाई आत उभे, बाहेर आलेच नाई.
बाई म्हणे, "मले पयल्यानं किती दुखलं, तुमाले मालूम हाये का?"
ती उठली न डॉक्टरच्या खोलीत गेली. तोंडात बोळा घेऊन आली. नव्या तुकड्याची बाटली सिस्टरजवळ देल्लीच नाई, माया हातात देल्ली. न पुन्हा बाकावर बसली. म्हतलं आज हे नुसतं फॉर्मॅलिनमधीच राह्यते, सडू नाई म्हणून, काम उद्या. मान हलवली. उठली नाई.

१२ ऑगस्ट, मंगळवार
लॅब उघडाले गेली तं बाई दाराशी. गाल सुजलेला. पयल्या गाडीनं आली असंन.
"मले दिसंन असं बसू द्या."
बाहेरचे आत बसवत नाई आमी. खुर्ची दारातच ठेवली, दार उघडं टाकलं. तुकडा चिमट्यानं उचलून पयल्या बरणीत सोडला. बरणीवरचा नंबर तिले ऐकू जाईन असा वाचला. मंग झाकण लावलं.