आमच्या पाळीची प्रार्थना

आई, तुझे जावई जाऊन वर्ष होत आलं. सुरुवातीला चर्चच्या मंडळीतली माणसं रोज यायची, भजनं म्हणायची, गळ्यात पडून रडायची. मग आठवड्याने, मग सणाला, आणि आता मोबाईलवर बायबलचं एक वचन आणि हात जोडल्याचं चित्र येतं. मी कुणाला दोष देत नाही. खोटं कशाला बोलू, थोडा देते. पण माणसांचं सोड, देवच घर बदलून कुठेतरी गेल्यासारखं वाटतं, आणि जाताना पत्ता दिला नाही म्हणून मी एकटीच धुमसत बसते. अशा वेळी मला सुरतेतली आपली उधन्याची खोली आठवते.

प्लेगचं वर्ष. कापडाचे लूम बंद पडलेत आणि गल्लीतली माणसं मिळेल त्या ट्रकने खानदेशाकडे निघून गेलीत. आपण दोघीच राहिलोय. बाबा आदल्या वर्षीच गेले होते, आणि बाप्तिस्मा घेतल्यापासून गावी आपल्याला दार बंद होतं. ‘आता तुमचा देव बघून घेईल,’ असं काकांनी तुला तोंडावर सुनावलं होतं. मी सातवीत. धागे कापायला आणलेल्या साड्यांचा ढीग कोपऱ्यात तसाच पडलेला, तो न्यायला शेठचा माणूसही फिरकत नाही.

त्यात त्या शनिवारी घरच्या प्रार्थनेची पाळी आपली. दर शनिवारी एकेका घरी मंडळी जमायची, हे खरं. पण जमायला मंडळी हवी ना? चर्चचे पाळकसाहेब गावी, ढोलकीवाला गावी, आणि तू आपली संध्याकाळी सतरंजी झटकतेस, मोठ्या पातेल्यात सगळ्यांच्या मापाने चहाचं आधण ठेवतेस. मी चिडले.

“माय, कोन येनार शे? सगळा पळी गयात.”

“येनार नहीत, ते माले बी समजस. पन पाळी आपली शे.”

तू गाणं धरलंस, मी तोंडातल्या तोंडात ओढलं. मग तू नेहमीच्या रविवारच्या आवाजात विचारलंस, “कुणाला साक्ष द्यायची आहे का?” आणि देवाचा अनुभव सांगायला कुणी उठेल म्हणून खरोखरच थांबलीस. मला आधी हसू आलं, मग भीती वाटली. बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. बऱ्याच वेळाने तूच उभी राहिलीस. चारचौघांत तू नेहमी पुस्तकी मराठीत प्रार्थना करायचीस, ‘हे दयाळू पित्या’ वगैरे. त्या दिवशी मात्र घरच्या अहिराणीत बोललीस.

“देवा, माले भ्याव वाटी ऱ्हायनं. तू कोठे शे, माले दिसत नही. सोडनार नही, अशे तूच बोलना व्हता. मी ते धरी बशेल शे. मनी पोर बी शे आठे.”

इतकंच. आमेन म्हणायलाही विसरलीस, ते मी म्हटलं.

चमत्कार काही झाला नाही. दारावर कुणी थाप मारली नाही. उरलेला चहा आपण दुसऱ्या दिवशी तापवून प्यायलो, कडू झालेला. पुढे लोक परतले तेव्हा पाळकीणबाईंनी हळहळत विचारलं, “तुमची पाळी राहूनच गेली ना हो?”

“नाही, झाली की,” तू साडीवरून नजर न उचलता म्हणालीस.

“कोण होतं पण?”

“होतो आम्ही.”

त्या उत्तरात तू आणखी कुणाला धरलं होतंस का, ते मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाली असतीस, धागे काप गुपचूप.

तुझा विश्वास गोड नव्हता, आई. हट्टी होता. दिलेला शब्द पाळ म्हणून तू देवाच्या दारात बसून राहिलीस, आणि मला वाटायचं मोठी झाले की मलाही ते आपोआप जमेल. जमत नाही. रिकाम्या घरात प्रार्थनेला डोळे मिटले की आधी कुकरच्या शिट्टीची वाट बघते, आणि मग आठवतं की एकटीसाठी मी कुकर लावतच नाही.

तूही आता नाहीस, तेव्हा हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. पण एक सांगून टाकते. मी बसले होते ती खरं तर देवाला लिहायला. त्याच्याशी अजून बोलवत नाही, म्हणून वर ‘आई’ लिहिलं. तो माझ्या खांद्यावरून वाचतोय असं धरून चाललेय.