नॉर्वेवाल्यांना घर विकताना

२ एप्रिल, सकाळ
निर्णय पक्का. घर विकायचं आणि तिकडे शहरात, पिरेअसला लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचा. वय त्रेसष्ट, गुडघे ऐंशीचे. बंदरापासून दारापर्यंत एकशेबारा पायऱ्या मी का चढायच्या? त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं जगात आहेत. तोर्स्टाइन आणि त्याची बायको, नॉर्वेचे. काल आमच्या गच्चीवर उभं राहून अर्धा तास समुद्र बघत होते. मी खुर्ची आणून बसलो.

२ एप्रिल, दुपार
नीकितासच्या कॉफीच्या दुकानात सगळ्यांदेखत तोर्स्टाइनला शब्द दिला. नीकितास म्हणाला, "मिनास, घर तुझं कधी झालं रे? तू सूटकेस घेऊन आलेला जावई!" सगळे हसले. जळतात. आमच्या कार्पाथोस बेटावर आईचं घर लग्नात थोरल्या मुलीला जातं, मलाही ठाऊक आहे. पण ते जुन्या काळी. वरचा मजला कोणी बांधला? मी. म्हणजे गवंड्याने, पण उन्हात उभा मी होतो.

४ एप्रिल
कालिओपीला अजून सांगितलं नाही. बायकोला योग्य वेळ बघून सांगावं. उद्या.

७ एप्रिल
सांगायला गेलो. ती फरशी पुसत होती. म्हणाली, पाय उचल. उचलले. उद्या नक्की.

९ एप्रिल
नोटरीची वेळ मिळाली. पंधरा तारीख, अकरा वाजता. कालिओपी चर्चला गेल्यावर नॉर्वेवाले पडद्यांची मापं घ्यायला आले. फार सावकाश मापतात ही माणसं. फाटक वाजलं, कालिओपी परत आली. मागून व्ह्यू जास्त चांगला दिसतो असं सांगून त्यांना मागच्या दाराने काढलं. मागे शेळ्या आहेत.

१० एप्रिल
घराचे कागद सापडत नाहीत. काळजी नाही. नोंदणीच्या वेळी मी कालिओपीलाच पाठवलं होतं, माझा सोंगट्यांचा डाव रंगात आला होता. तिने माझंच नाव लावलं असणार. तेवढं कळतं तिला.

१२ एप्रिल
बेकरीत कोणीतरी बोललं. जेवताना कालिओपी शांतपणे म्हणाली, "पंधराला अकरा वाजता ना? मी पण येते. सेवास्तीही ऱ्होड्सहून सकाळच्या बोटीने येतेय." संपलं! वाद नाही, आदळआपट नाही. थोरली लेकही बापाच्या पाठीशी. तरी मी ताट अर्धंच ठेवून उठलो. ऑलिव्ह खारट असतील.

१५ एप्रिल, सकाळी ९
कोट घातला. दाढी करताना दोनदा कापलं. टेन्शन अजिबात नाही.

१५ एप्रिल, दुपारी १
कालिओपीने त्याच नोटरीबाईकडे साडेदहाची वेळ घेतली होती. घर तिच्या नावावर होतं. आता सेवास्तीच्या नावावर आहे. ईस्टरनंतर तिचं लग्न. मी पेन काढून बसलो होतो, पण माझी सही कुठेच लागत नव्हती. अकराला नॉर्वेवाले आले. कालिओपीने त्यांना सगळं समजावलं. तोर्स्टाइनने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाला, "किती सुंदर पद्धत आहे तुमची!" मला रडू येत होतं. त्याला वाटलं, आनंदाने.

१६ एप्रिल
नीकितास चिडवेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. एकही कामी आलं नाही. त्याने कॉफीसोबत बिस्किट दिलं. चिडवण्यापेक्षा ते जास्त लागलं.

२८ एप्रिल
लेकीचा संसार सुरू झाला की आईबापांनी लहान घरात जायचं. आम्ही बंदरावरच्या दोन खोल्यांत. त्याही कालिओपीच्याच. एकही पायरी नाही. हवं होतं तेच झालं, असं सगळ्यांना सांगतोय.

३ मे
सेवास्तीकडे चीज पोहोचवायला वर गेलो. एकतीस वर्षं त्या दारातून शिट्टी वाजवत आत गेलोय. आज हात आपोआप वर गेला आणि दार ठोठावलं.
आतून ती ओरडली, "कोण आहे?"
"चीज आलंय," मी म्हणालो.