ताईच्या जागी मुख्य संपादक नेमण्याबाबत

मी, खाली सही करणारी, कीटकांविषयीच्या त्रैमासिकाची कार्यवाहक संपादक, हे मृत्युपत्र माझ्याच टेबलाशी बसून, माझ्याच हाताने, कोणीही कानाशी न लागता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी सकाळीच तपासून "जीभही ठिकाणावर आहे" असा शेरा मारला. छातीचा मात्र भरवसा उरलेला नाही, म्हणून ही घाई.

कलम एक. राहतं घर मी माझ्या भाच्याला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलाला देत आहे. वरच्या मजल्यावरच्या नमुन्यांच्या पेट्या त्यात येत नाहीत, हे त्याने दोनदा वाचावं. मागे त्याने एक अख्खा ड्रॉवर "मेलेली झुरळं" म्हणून अंगणात नेऊन ठेवला होता. ती झुरळं नव्हती. पोरगा मनाने चांगला आहे, पण किड्यांच्या बाबतीत आनंदी आनंद.

कलम दोन. पेट्या, दोन्ही सूक्ष्मदर्शक आणि जाळी यांचा ताबा नव्या मुख्य संपादकाकडे जावा. विद्यापीठातले प्राध्यापक, ज्यांना आम्ही 'टायवाले' म्हणतो, त्यांना यातली टाचणीसुद्धा देऊ नये. कारण पुढे येतं.

कलम तीन. मुख्य संपादक. त्रैमासिकाच्या आतल्या पानावर या पदासमोर आजही माझ्या थोरल्या बहिणीचं नाव छापलं जातं. ताईनेच हे त्रैमासिक काढलं आणि तिचा एक नियम होता. योग्य ऋतूत स्वतः जाऊन शोधल्याशिवाय कोणत्याही किड्याला 'नामशेष' म्हणायचं नाही. तोवर फक्त 'दिसला नाही' असं छापायचं. टायवाल्यांनी एका पाणकिड्याला नामशेष ठरवणारा लेख पाठवला. ताई भडकली. "बसल्या जागी मारलाय मेल्याने! मी बघून येते," म्हणाली आणि पाणथळीकडे गेली. तिचं जाळं काठावर मिळालं. ती मिळाली नाही. पोलीस म्हणाले, बुडाल्या. मी आमच्या नियमाला धरून म्हटलं, दिसली नाही.

तेव्हापासून तिचं नाव मी हलू दिलेलं नाही. लेख आला की पहिल्यापासूनच्या पद्धतीप्रमाणे तिच्या खुर्चीसमोर बसून तो मोठ्याने वाचते. जिथे चूक असते तिथे खुर्ची कुरकुरते. लाकूड जुनं झालंय, असं भाचा म्हणतो. म्हणू दे बापडा. मग जिन्यात ताईच्या पदराला यायचा तसा डांबरगोळ्यांचा वास येतो, तोही लाकडाचाच का? मला तिची भीती कधी वाटली नाही. ती यायची थांबेल, याची वाटते.

त्रैमासिक चालवणाऱ्या मंडळाने यंदा निक्षून सांगितलं, मुख्य संपादक नेमा, नाहीतर अंक बंद. नाइलाजाने जाहिरात दिली. मुलाखतीला पहिले आले टायवाले, आणि थेट ताईच्या खुर्चीत बसले.

"ती जागा रिकामी नाही," मी म्हटलं.

"मग जाहिरात कशाला दिलीत, बाई?"

प्रश्न रास्त होता, म्हणून जास्तच झोंबला. त्यांना वाटेला लावलं.

दुसरी आली ती माशीवाली. ताईची विद्यार्थिनी, माश्यांवर तिच्याइतकं काम कोणी केलेलं नाही. ती बसलीच नाही. पिशवीतून एक लेख आणि एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. बाटलीत तो पाणकिडा होता.

"सापडला, बाई. ताईंचं बरोबर होतं."

मला रडू फुटलं. वाटलं, आता ही म्हणेल, किडा सापडला, तशा ताईही सापडतील. पण ती म्हणाली, "राग येईल तुम्हाला. ही बाटली मिळेपर्यंत मी ती सगळी पाणथळ पालथी घातली. दर मोसमात. मी काही फक्त किडा शोधत नव्हते. ताई तिथे नाहीत. ताई गेल्या, बाई."

"चालती हो," मी म्हटलं. बाटली आणि लेख टेबलावरच ठेवून ती गेली.

बाटली मी रुमालात गुंडाळून ड्रॉवरच्या तळाशी सारली. तिचा लेखही वाचला नाही. ताईला किडा सापडल्याचं कळलं तर तिचं इथलं काम संपणार. मग ती कशाला येईल? पण रोज तिच्यासमोर बसून इतरांचे लेख वाचायचे आणि हाच तेवढा लपवायचा, हे मला सोसेना. आयुष्यभर तिने मला दुसऱ्यांच्या चुका पकडायला शिकवलं. तिच्याशी खोटं वागायला नाही शिकवलं. परवा दुपारी मी दार लावून घेतलं आणि लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. घरात कसलाच आवाज झाला नाही. तेव्हापासून जिन्यात वासही नाही.

म्हणून मी माशीवालीला मुख्य संपादक नेमत आहे. वकिलांनी इथे माझा हात धरला. म्हणाले, "बाई, मृत्युपत्रातली कलमं माणूस गेल्यावर लागू होतात."

मी म्हटलं, "माणूस गेलंय."

त्यांनी माझा हात सोडला. हे कलम आजपासून लागू समजावं.

पुढच्या अंकात ताईविषयी चार ओळी याव्यात. त्या मी लिहिणार नाही. माझ्या हातून शेवटी 'दिसली नाही' असंच लिहिलं जाईल. माशीवालीने लिहाव्यात आणि 'गेल्या' हा शब्द आडपडदा न ठेवता छापावा. प्रूफ मात्र मला दाखवावं. ते तपासून होईपर्यंत मी कुठेही जात नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्याची गरज नव्हती, तरी मी तो मोठ्याने वाचला आणि मग साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : राहतं घर, वरचा मजला
दिनांक : ९ ऑक्टोबर

(सही) धाकटी बहीण, कार्यवाहक संपादक, आजपर्यंत

साक्षीदार :
१. (सही) घरचे डॉक्टर
२. (सही) छापखान्याचे मालक. आतलं पान उद्या बदलून देतो असं कबूल करून