केस वाढेपर्यंत

बाबा,

ट्रंक रिकामी करून माळ्यावर ठेवलीय. मी सैन्यात जाणार नाही. पळालेलो नाही, भरती कार्यालयात साहेबांना तोंडावर सांगायला गेलोय. काय शिक्षा व्हायची ती होऊ दे.

"तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही," असं तुम्ही म्हणालात, म्हणून तिरमिरीत सही केली. पण तुमच्यावरच्या रागापायी परक्या कुणावर बंदूक रोखायची, हे मला पटत नाही. आईवर डाफरू नका, तिला यातलं काही ठाऊक नाही.

काल आपल्या सलूनमध्ये तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर मशीन फिरवलंत, टाळ्या घेतल्यात. साहेबांनी सोडलं, तर दुपारी तिथेच कामाला येतो. केस वाढेपर्यंत गिऱ्हाइकं खोदून खोदून विचारतील. उत्तर मी देईन, तुम्ही कात्री चालवा.